न मोडणारा खिळा

मित्रांनो, मी एक जुना पेडल ड्राइव्ह आहे. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. पाण्यात उभा जन्म काढला, तरी पाण्याची भीती काही गेली नाही.

गळाने मासे धरायच्या लहान होडीच्या पोटात एक चौकोनी भोक असते. त्यात मी बसायचो. वर सायकलसारखी दोन पेडल आणि खाली पाण्यात दोन पात्यांचा पंखा. माणसाने पाय मारले की माझ्या पोटातले गिअर फिरायचे, गिअर पंख्याला फिरवायचे आणि होडी पुढे सरकायची. हात गळासाठी मोकळे राहायचे.

पंख्याच्या आरपार एक पिन असायची. मऊ धातूची, काडेपेटीतल्या काडीएवढी. पंख्यात काही अडकले की ती स्वतः मोडायची. मग पंखा सुटा व्हायचा आणि माझ्या गिअरचे दाते वाचायचे. कारखान्यात मला खोक्यात भरताना चार जादा पिनांची पुडी माझ्या गळ्यात बांधली होती. ती बघूनच मला धडकी भरली. जिथे चार-चार पिना बरोबर देतात, तिथे माझ्यापुढे काय वाढून ठेवले असेल, या विचाराने मी खोक्यात घामाघूम झालो. तो घाम म्हणजे ग्रीस होते, हे मला नंतर कळले.

मी आलो एका सुताराच्या घरी. आपण त्यांना काका म्हणू. काकांच्या हातची दारे चाळीस वर्षांत कधी कुरकुरली नव्हती, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हे सांगत. होडी दोघांची होती. पुढे काका, मागे काकू. काकूंना पोहता येत नव्हते, पण मासा गळाला लागला की त्या अशा ओरडायच्या की काठावरचे पक्षी उडायचे.

पहिली दोन वर्षे माझे फार कौतुक झाले. घरी आल्यावर काकू मला बादलीभर गोड्या पाण्याने धुवायच्या आणि काका ग्रीस लावायचे. शेजाऱ्यांना दाखवताना काका माझ्या दांड्यावर थाप मारायचे. मी भित्रा असलो तरी तेवढ्यापुरता फुशारून जायचो.

मग नव्याची नवलाई संपली. मला धुणे राहू लागले. आज दमलो, उद्या धुऊ, असे करत खारे पाणी माझ्या अंगावरच वाळायचे. वाळूचा एखादा कण गिअरमध्ये करकरायचा, पण ऐकणार कोण? त्यातच एका मोसमात तीन पिना मोडल्या. एकदा शेवाळाने, एकदा बुडालेल्या फांदीने, एकदा उथळ पाण्यात तळ लागून.

तिसऱ्या वेळी काका चिडले. मला कामाच्या टेबलावर आडवे टाकून म्हणाले, "ही काय पिन आहे? फुंकर मारली तरी मोडते!"

काकूंनी माझ्याबरोबर आलेली पुस्तिका जपून ठेवली होती. त्या म्हणाल्या, "अहो, ती मोडायलाच केलीय. इथे लिहिलंय बघा."

"मोडायला कोणी काही करतं का? वेड लागलंय त्यांना."

काकांनी भिंतीत ठोकायचा पोलादी खिळा घेतला, मापाने कापला आणि पिनेच्या जागी घातला. अगदी घट्ट बसला. मोडायला केलेली वस्तू त्यांच्या हिशोबातच बसत नव्हती. काकूंनी पुडीत उरलेल्यांपैकी एक पिन त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी ती खिळ्यांच्या डब्यात टाकून दिली.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला खरी भीती कळली. आता माझ्याआधी मोडणारे कुणी नव्हते.

महिन्याभराने एका सकाळी आम्ही खाडीच्या तोंडाजवळ गेलो. त्या तोंडाबाहेर खडक आहेत आणि त्यांच्यावर लाटा फुटतात. आवाज मला पाण्याखालूनही ऐकू येत होता. ओहोटी लागली होती, वाराही जमिनीकडून होता. माघारी वळायच्या वेळेला कुठल्यातरी फाटक्या जाळ्याचा वाहत आलेला दोर माझ्या पंख्याला लागला. एक वेढा, दुसरा वेढा, आणि पंखा जागीच आवळला गेला.

काकांना वाटले शेवाळ आहे. त्यांनी पाय आणखी जोरात दाबले. मी मनात खिळ्याला विनवत होतो, मोड बाबा, आता तरी मोड. तो हूं की चूं नाही. मग माझ्या पोटात कडाड्कन आवाज झाला आणि माझेच दाते तुटले. पेडल रिकामी गरगरू लागली.

"काय झालं?" काकूंनी विचारले.

"काही नाही," काका म्हणाले. पण ते पाय मारतच राहिले. पेडलवरून मला ते कळत होते.

होडी खडकांकडे वाहू लागली. काकांनी वल्हे काढले. दोन भाग जोडून होणारे ते वल्हे, त्यातला एकच भाग हाताला लागला.

"दुसरा कुठंय?"

काकूंचा चेहरा उतरला. "कपड्यांच्या दोरीला टेकू लावलाय. तुम्हीच म्हणालात, पेडल असताना वल्हं कशाला!"

अर्ध्या वल्ह्याने होडी जागच्या जागी फिरत होती आणि पाण्यात अडकलेला मी तिला आणखीच मागे ओढत होतो. काकूंनी नांगर टाकला, पण उथळ पाण्यापुरता ठेवलेला त्याचा दोर तळाला पोचेना. फुटणाऱ्या लाटांचे तुषार आता अंगावर येत होते. काकूंनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले. त्या रडत नव्हत्या, नुसत्या काकांकडे बघत होत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"पलीकडे झुक," काका म्हणाले. त्या एका बाजूला झुकल्या. काकांनी दुसऱ्या बाजूने खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून पंख्याला अडकलेला दोर कापला. नंतर त्यांनी मला भोकातून वर ओढले, आणि त्या फाटक्या जाळ्याचा सगळा दोरही होडीत घेतला. दहा-बारा हात तरी असेल. तोच त्यांनी नांगराच्या दोराला जोडायला घेतला.

चाळीस वर्षे ज्यांचे काही सुटले नव्हते त्या काकांनी गाठ मारली, आणि तिच्याकडे बघत थांबले.

"तू एकदा ओढून बघ," ते म्हणाले.

काकूंनी ओढले. गाठ सरकली. त्यांनी ती सोडून पुन्हा मारली, वर आणखी एक मारली. "आणि पुढच्या टोकाला बांधा. होडी आडवी राहिली तर उलटेल."

नांगर खाली गेला. दोर सरसरत संपत आला. मग होडीला हिसका बसला, तिचे नाक वळले आणि ती थांबली. खडक चार होड्यांच्या अंतरावर होते.

भरती लागेपर्यंत तीन तास ती दोघे तशीच बसली होती. काकांनी एकदाच तोंड उघडले, "माझं चुकलं गं." काकू म्हणाल्या, "ते घरी. आत्ता गाठीवर लक्ष ठेवा." पाणी उलटे फिरल्यावर अर्ध्या वल्ह्याने आम्ही काठाला लागलो.

आता मी सुतारकामाच्या खोलीत खुंटीला टांगलेला असतो. पोटात तुटलेले दाते आणि तो खिळा. खिळा अजून सरळ आहे, त्याला ओरखडाही नाही. होडीत माझ्या जागी नवा ड्राइव्ह आला आहे. त्याला न चुकता गोड्या पाण्याने धुतात. वल्ह्याचे दोन्ही भाग होडीलाच बांधलेले असतात.

काकू पुन्हा होडीत बसल्या नाहीत. काका निघाले की त्या काठापर्यंत जातात आणि ते येईपर्यंत तिथून हलत नाहीत.

काल नव्याची पिन मोडली, या मोसमातली दुसरी. काका पुटपुटत आत आले आणि त्यांनी खिळ्यांचा डबा उघडला. मित्रांनो, आता पुन्हा पोलादी खिळाच निघणार असे मला वाटले. मला ओरडता येत नाही. मी नुसता लटकत राहिलो. डब्यात बोटे बराच वेळ फिरत होती.

शेवटी त्यांनी तळातून काकूंनी दिलेली ती पिन शोधून काढली. शर्टाला पुसली. दारात काकू उभ्या होत्या, हातात जादा पिनांची पुडी घेऊन.

"एक लावा, दोन खिशात ठेवा," त्या म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली आणि जाता जाता माझ्या दांड्यावर हात ठेवला. थाप मारली नाही, नुसता ठेवला.

मित्रांनो, मला पुन्हा पाण्यात जायचे नाही. तुम्ही जाल तेव्हा एवढेच करा. जी लहानशी वस्तू तुमच्यासाठी मोडते तिच्यावर चिडू नका, तिच्या जागी दुसरी तशीच मऊ पिन लावा. काठावर कुणीतरी तुमची वाट बघत उभे असते.