मागचं बाकडं

शनिवारी गिरणीवर म्हातारा कुमवेंडा भेटला आणि माझी झोप उडाली. पिठाची टोपली सावरत तो सहज म्हणाला, "न्यागोंडवे, तुझ्या शेतावर प्यायलो तशी दारू पुन्हा कुठे मिळाली नाही बघ."

माझ्या शेतावर दारू? अकरा वर्षं मी चर्चच्या मंडळीतल्या बायकांची पुढारीण, मंडळीत दारूला बंदी, माझ्या अंगणात दारूचा थेंब पडलेला नाही. मग त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी मी महिनाभर तापाने अंथरुणाला खिळले होते आणि मक्यात तण माजलं होतं. तेव्हा विधवा न्यामुंथालीने दोन मोठी मडकी भरून दारू केली आणि गावाला निंदणीला बोलावलं. आमच्याकडे दारूशिवाय दुसऱ्याच्या शेतात कोणी कुदळ उचलत नाही.

मला वाटलं होतं, मंडळीतल्या भावाबहिणींनीच शेत निंदलं. तसे देवाचे आभारही मानले, सगळ्यांसमोर. आणि न्यामुंथालीने दारू केल्याचं कानावर आलं, तेव्हा पुढच्याच रविवारी तिला मंडळीसमोर उभं केलं. दारू केलीस का? केली, म्हणाली. पश्चात्ताप होतो का? नाही. तिच्या डोक्यावरचा पांढरा रुमाल, मंडळीतल्या बायकांची खूण, मी माझ्या हाताने सोडला. तेव्हापासून ती शिक्षेच्या बाकड्यावर बसते, सगळ्यांत मागे. प्रभुभोजनाची भाकरी तिला नाही.

घरी येऊन भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. नवरा म्हणाला, नियम तो नियम, तुझं काय चुकलं? त्याचं बरोबर होतं, म्हणून त्याचाच जास्त राग आला. शेवटी तिच्या दाराशी गेले. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

"तेव्हाच सांगितलं का नाहीस?"

"केलीस का, एवढंच विचारलंस तू," ती मान वर न करता म्हणाली. "कुणासाठी, ते कुठे विचारलंस?"

रविवारी चर्चमध्ये पाळक देवाच्या नीतिमत्त्वावर बोलले. देव काही तराजू घेऊन बसलेला नाही, म्हणाले. पडलेल्याला हात देऊन उभं करणं, हाच त्याचा न्याय. हे मी शंभरदा ऐकलं होतं, दुसऱ्यांना शिकवलंही होतं. आज मात्र पहिल्या रांगेत बसवेना. मी पडले होते तेव्हा हात कोणी दिला, आणि त्या हाताचं मी काय केलं? लाज वाटली, खूप लाज वाटली.

भाकरीचं ताट माझ्यापर्यंत यायच्या आत मी उठले. जे घडलं ते सांगितलं. नवऱ्याने मान खाली घातली. मी डोक्यावरचा रुमाल सोडून पाळकांच्या हातात दिला आणि मागच्या बाकड्याकडे चालत गेले.

क्षमा मागायची होती. न्यामुंथालीने माझ्याकडे पाहिलंही नाही. फक्त जराशी सरकली.

"बस," ती म्हणाली. "पण जपून. या बाकड्याचा एक पाय मोडलाय. दोन वर्षं सांगतेय, पुढे कुणाला ऐकूच जात नाही."