हद्दीचा दगड

काकासाहेबांनी बांधावर टेप आडवा धरला. जेमतेम वीतभर रुंदी. टेप सुटून खटकन आत गेला, तशी लिंबाखालच्या झोळीत राजनंदिनी दचकली. सून दैवशालानं लेकीला झोका दिला.

"उद्या सायबं येतील," काकासाहेब मुलाला म्हणाले. "त्यांना काय दाखवू, ही वीतभर माती? बांधच न्हाई दिसला तर ते कलम काढून टाकतील."

आदिनाथ ट्रॅक्टरला टेकून मोबाइल बघत होता.

केदारखेड्यात काकासाहेबांना सगळे मेंबर म्हणत. ग्रामपंचायतीत ते कधीच नव्हते. राज्याच्या मृदसंधारण समितीवर त्यांना शेतकरी म्हणून घेतलं होतं. भोकरदनहून एसटी धरून ते बैठकांना जात आणि शिकलेल्या माणसांत बसून दरवेळी एकच सांगत: बांध नांगरू नका, दोन्ही अंगांनी जागा सोडा, गवत वाढू द्या, माती तिथंच अडते. इतक्या वर्षांनी ते कलम म्हणून धोरणाच्या मसुद्यात आलं होतं. मंजुरीआधी समितीला त्यांचंच शेत बघायचं होतं. बैठकांपायी नांगरट मात्र केव्हाच आदिनाथकडं गेली होती.

पलीकडच्या शेतातून सर्जेराव तंबाखू मळत आले.

"काय मेंबर, जमीन इकून राह्यले का?"

"तुझ्या ट्रॅक्टरनं खाल्लेली मोजून राह्यलो. हद्दीचा दगड बांधाच्या मधोमध होता. त्यो बी गिळला तू."

"मी? मोजणी आणा. बिलकुल आणा. माझ्या रानात निघाला तर डोक्यावर घेऊन गावभर फिरतो."

"सायबासमोर बी असंच बोल मंग."

झोळीवरचा दैवशालाचा हात थांबला होता. गेल्या नांगरटीला ती भाकरी घेऊन आली होती, तेव्हा राजनंदिनी पोटात होती. नांगर कशाला तरी अडला, ट्रॅक्टर गचके देत बंद पडला. आदिनाथनं उतरून पहारीनं दगड आडवा पाडला, वर माती ओढली. 'बापाला सांगू नको,' तो म्हणाला होता, 'नांगराची दोन तासं वाढतील आपली.' तेव्हापासून जेवताना सासरे सर्जेरावांच्या नावानं बोलायला लागले, की ती खाली बघून वाढायची.

तिनं पोरीला कडेवर घेतलं आणि आपल्याच नांगरलेल्या रानात उतरली. ढेकळं तुडवत थोडं आत जाऊन थांबली.

"मामा, इथं उकरा."

"दैवशाला," आदिनाथ एवढंच म्हणाला. तिनं मागं बघितलं नाही.

काकासाहेबांनी सुनेकडं बघितलं. मग त्यांनी कुदळ उचलली. दगड फार खोल नव्हता. त्याच्या पाठीवर नांगराच्या फाळाचा पांढरा ओरखडा होता. ते तिथंच, मातीत, उकिडवे बसले.

सर्जेराव बांध ओलांडून आले. त्यांनी दगड बघितला, आदिनाथकडं बघितलं, तंबाखू थुंकली.

"झाका त्यो," ते हळू आवाजात म्हणाले. "सायबं येऊन जाऊ द्या. मी काही इकडं आल्तोच न्हाई."

काकासाहेबांनी गळ्यातल्या टॉवेलनं दगडाची माती पुसली.

"आदिनाथ, धर."

बापलेकांनी दगड होता तिथंच उभा केला, बुडाशी माती ठोकून बसवली.

"पोरी, दिवाळीचा चुना उरला असंल का घरात?"

"हाय, मामा."

"घेऊन ये. रस्त्यावरून दिसला पाहिजे." असं म्हणत त्यांनी मातीच्याच हातांनी नातीला घेतलं.

चुन्याची बादली घेऊन ती परतली, तेव्हा बांधाला सोडायची जागा आखायला लिंबापासून दगडापर्यंत दोरी ताणलेली होती. एक टोक काकासाहेबांच्या हातात, दुसरं सर्जेरावांच्या.

"जरा माझ्याकडं सरकवा, मेंबर," सर्जेराव म्हणत होते. "बांधाला दोन हात मी बी सोडतो. नायतर सायबं म्हणतील, ह्याचं काहीच न्हाई ह्यात."

आदिनाथ पुढं आला. दैवशालाच्या हातातली बादली त्यानं घेतली, दगडाशी बसला आणि कुंचला चुन्यात बुडवला.