बारावं नाव

आमच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला वाचता येतं, असं मी दहा वर्षं प्रगतिपुस्तकांवर सही ठोकून सांगत आले. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका खाजगी प्राथमिक शाळेची मी मुख्याध्यापिका. यंदा तिसरीला रागिणी मॅडम नव्या आल्या आणि त्यांनी महिन्याभरात माझी सही खोटी पाडली. वर्गात न शिकवलेलं पान त्यांनी पोरांना वाचायला दिलं. अकरा जण अडले. त्या अकरा घरी चिठ्ठ्या गेल्या : शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवते.

झालं, पालक भडकले आणि थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष खुशालराव माझ्याकडे आले, काखेत मुलीच्या लग्नाच्या पत्रिका. एक माझ्या टेबलावर ठेवली आणि सुरू झाले.

"सीमा मॅडम, त्या बाईले काढून टाका. लोकं पोरं काढून नेतीन. तिसरीच्याच दुसऱ्या तुकडीत माही नात हाये, कशी धडाधड वाचते!"

मी चिडले. नातीलाच, तनूला, बोलावून घेतलं. तिनं पुस्तक उघडून धडा घडाघडा म्हटला. घाईत दोन पानं एकदम उलटली, तरी तिचं तोंड थांबलं नाही. आजोबा खुशीत मान डोलवत होते. पान कोणतं, हे त्यांनी पाहिलंच नाही.

मी टेबलावरची पत्रिका तिच्या हातात दिली. गणपतीचं चित्र पाहून ती "श्री गणेशाय नमः" म्हणाली. खाली ठळक अक्षरांत आजोबांचं नाव होतं. त्यावर मी बोट ठेवलं.

"मॅडम, हा धडा नाही झाला आमचा," ती म्हणाली.

खुशालरावांचा चेहरा उतरला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटली ती फक्त लाज.

"भाऊसाहेब, हिच्या प्रगतिपुस्तकावर 'वाचन उत्तम' असं मीच लिवलं. काढायचं तर मले काढा."

त्यांनी तनूच्या हातातून ती पत्रिका घेतली आणि खिशात ठेवली.

"तुमाले काढून पोरीले वाचता येईन का?" मग आवाज खाली आला. "रागिणी मॅडमले सांगा, यादीत बारावं नाव लिवा. अन् त्या कुठी जात नाईत."

दुसऱ्या दिवसापासून मीही अर्धा तास थांबू लागले.

दीड महिन्यानं लग्न लागलं. मांडवात गर्दी, पाहुणे आहेर घेऊन उभे, आणि खुशालराव एका खुर्चीवर तनूला जवळ घेऊन बसलेले. तिच्या मांडीवर तीच पत्रिका.

"खु... शा... ल... राव. आबा, हे तुमी!"

मला वाटलं, आता उठून सगळ्या मांडवाला सांगतील. ते उठले नाहीत. त्यांनी बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.