मयुराच्या नावावरची कमाई

इन्कम टॅक्सचा मेल आला तेव्हा मयुराला कळलं, की गेली तीन वर्षं ती कन्सल्टंट आहे. दिल्लीत, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक आणि लेकीचा अभ्यास सांभाळणारी बाई लाखोंनी कमावत होती, आणि तिलाच पत्ता नव्हता! नोकरीबाहेर चोरून केलेल्या कामाचे पैसे तिच्या नवऱ्याने, मानसने, तिच्या खात्यात मागवले होते. तिच्या नावाचे रिटर्नही त्यानेच भरले, शिकवण्यांची किरकोळ मिळकत दाखवून. वर, पैसे देणाऱ्यांनी आधीच कापलेला टॅक्सही परत मिळवला. ती मात्र तो म्हणेल तिथे सही करत गेली. त्याला विश्वास म्हणायचं की आळस, हे तिचं तिलाच कळेना.

करोल बागेतल्या सीए बत्राजींनी दोघांना समोर बसवून दोन वाटा सांगितल्या. कमाई मॅडमची म्हणून रिटर्न सुधारायचे आणि राहिलेला टॅक्स, व्याज, वरचा भुर्दंड मॅडमनी भरायचा. नाहीतर सरळ खरं सांगायचं आणि सगळं मानसच्या नावावर घ्यायचं.

"कंपनीला कळलं तर नोकरी जाईल यार," मानस तिच्याकडे वळून मराठीत म्हणाला. "तुझी एफडी मोडू. माझे पैसे फ्लॅटच्या हप्त्यांत गेले."

फ्लॅट एकट्या मानसच्या नावावर होता. एफडी तिच्या आईने मागे ठेवलेली, मयुराची स्वतःची अशी तेवढीच पुंजी. तरी लेकीच्या शाळेचा विचार करून तिने होकारार्थी मान हलवली.

बत्राजी आकडे भरू लागले. मानसने खुर्चीत आरामात पाय लांब केले.

"चलो, सुटलो! आणि ऐक, पुढच्या प्रोजेक्टचे पैसेही तुझ्याच खात्यात घेऊ. आता तुझं सगळं रीतसर आहे."

आईचे पैसे तर तिने मनातून सोडलेच होते. पण हा माणूस ओशाळलासुद्धा नव्हता.

"बत्राजी, रुकिए," मयुरा म्हणाली. "ये कमाई मेरी नहीं, इनकी है. जो सच है, वही भरिए."

बत्राजींचे हात थांबले. मानसचा चेहरा उतरला.

"वेड लागलंय का तुला? नोकरी गेली तर खाणार काय आपण?"

"एफडी आहे ना माझी," ती म्हणाली. "काही महिने तुलाही पोसेन."