म्हसोबाच्या दगडाचं वय

मी एक जुना दगड आहे. किती जुना, हे एका मोठ्या माणसाने भर सभेत सांगायला घेतलं आणि त्यात त्याची अब्रू गेली. ती मीच घालवली, आणि मुद्दाम घालवली. मित्रांनो, दगड मुका असतो असं तुम्ही म्हणता. असेल मुका. पण तो विसरत नाही.

माझा जन्म जमिनीच्या पोटात फार खोल झाला. तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता, तुमचा तर पत्ताच नव्हता. वरून दाब आणि खालून भट्टी, त्यात पिळवटून माझ्या अंगावर पांढरे-करडे पट्टे पडले. पुढे कधीतरी वरून लाव्हा आला आणि आमच्यावर काळ्या कातळाची घोंगडी टाकून गेला. कोल्हापूरचा बहुतेक मुलूख त्या काळ्या दगडावरच बसला आहे. पण चंदगडाच्या अंगाला, कर्नाटकाच्या शिवेजवळ, एका ओढ्याने ती घोंगडी फाडली आणि आम्ही खालचे जुने दगड उघडे पडलो. एका पुराने मला खडकातून सोडवून शेतात आणून टाकलं. ते शेत यल्लव्वाच्या घरचं; तिच्या सासऱ्याने मला उचलून बांधावर उभं केलं, तेल-शेंदूर फासला, आणि त्या दिवसापासून मी म्हसोबा झालो.

मला कोण देव म्हणालं म्हणून मी फुगलो नाही हो. पण दर अवसेला यल्लव्वा यायची, शेंदराचा हात फिरवायची, भाताचा निवद ठेवायची आणि घरातली सगळी उणीदुणी माझ्यापाशी काढायची. सुनेचं, म्हशीचं, दुखऱ्या गुडघ्याचं. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. तिने लावलेला शेंदूर माझ्या बारीक भेगांत मुरत गेला.

१९९६ साली धम्मपाल आला. जयसिंगपूरकडचा पोरगा, कोल्हापुरात दगडांवर पीएच.डी. करत होता. एस.टी.ने यायचा, पाठीला पिशवी, हातात हातोडा. पहिल्याच दिवशी त्याने यल्लव्वाला विचारलं, "अव्वा, तुमच्या ओढ्यातला दगुड फोडू का थोडा?"

यल्लव्वा हसून लोळायची बाकी होती. "दगुड फोडाय कुणी इचारतं व्हय रं? फोड की. पर त्यो बांधावरचा सोडून. त्यो म्हसोबा हाय."

"त्यो माझ्या कामाचाच न्हाय, अव्वा," धम्मपाल म्हणाला. "ह्या दगडांत युरेनियम म्हणून एक चीज असती, चिमूटभर. ती ठरल्या चालीनं झिजती आणि तिचं शिसं हुतंय. किती झिजलं, किती शिसं झालं, ते मोजलं की दगडाचं वय कळतंय. आणि शेंदूर म्हंजे शिसंच की. बाहेरचं शिसं आत मिसळलं की सगळं गणित बोंबललं."

"म्हंजे शेंदूर लावला की देवाचं वय कळत न्हाय?"

"न्हाय कळत."

"बरंच की मग! माझंबी कळू नये आसं कायतरी हाय का बघ, लावाय."

दोघं खदाखदा हसली. पुढची दोन वर्षं तो येत राहिला. कमरेएवढ्या पाण्यात उतरून ताजा दगड फोडायचा आणि दुपारी यल्लव्वाच्या ओसरीवर भाकरी खायचा. तो देव मानत नव्हता. त्याच्या घरी बुद्धाची तसबीर होती, आणि हे त्याने कधी लपवलं नाही. माझ्यासमोर तो कधी वाकला नाही, आणि मला हातही लावला नाही. मला त्याचं हे दुसरं फार आवडलं.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो. नाव घेतलं तरी माझ्या भेगा आवळतात.

गणपतराव सर. धम्मपालचे मार्गदर्शक. मंगळवार पेठेत घर, पांढरीशुभ्र सफारी, आणि ओढ्यात उतरल्याचं गावात कुणी कधी पाहिलं नाही. पोराच्या हाती मोठं काहीतरी लागतंय हे त्यांनी ओळखलं. इथले खडक नक्की किती जुने हे तोवर कुणी नीट मोजलं नव्हतं. जो आधी आकडा सांगेल, त्याचं नाव. धम्मपालचे नमुने प्रयोगशाळेत रांगेत पडले होते. सरांची दूरच्या एका शहरातल्या प्रयोगशाळेत ओळख होती. शिष्याच्या आधी आपला नमुना मोजून घ्यायचा असं त्यांच्या मनाने घेतलं.

यल्लव्वा नृसिंहवाडीला दर्शनाला गेली होती त्या दुपारी जीप गावाबाहेर थांबली आणि सर साकवावरून चालत आले. ओढ्याला पाणी होतं. सरांनी पाण्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

"शेंदूर नाही तिथे पट्टे तेच आहेत. बाळासो, हा घे."

बाळासो ड्रायव्हर मागे सरला. "सर, म्हसोबा हाय त्यो. कुणाला तरी इचारू या की."

"दगड आहे तो. धुतला की झालं. उचल."

मला पोत्यात घातलं. कोल्हापुरात नेऊन रॉकेलने धुतलं, तारेच्या ब्रशने घासलं. यल्लव्वाच्या सासऱ्यापासूनचा शेंदूर मोरीतून वाहून गेला. मग करवतीने माझा एक कोपरा कापला, त्याची लोखंडी खलात पूड केली आणि पाठवून दिली. इतकी युगं मला कुणी कापलं नव्हतं, मित्रांनो. त्या दिवशी मी ठरवलं. बाहेरचा शेंदूर नेलास ना? आत भेगांत मुरलाय तो मी सोडणार नाही. त्या पुडीबरोबर तोही गेला, गुपचूप.

उरलेला मी सरांच्या टेबलाखाली, वर्तमानपत्राखाली झाकलेला. आणि तिथे मी जे ऐकलं, ते ऐकून दगडाला पाझर नाही, आग फुटते.

यल्लव्वा आणि गावचे सरपंच कॉलेजात आले होते. सरपंच म्हणाले, "सायेब, तुमच्या त्या पोरानं आमचा म्हसोबा न्हेला. दगडं न्ह्याला दुसरं कोण येतंय आमच्याकडं? आन् देव न मानणारा त्योच."

सरांच्या बुटाचं टोक माझ्या अंगाला टेकलेलं होतं. यल्लव्वाच्या वहाणा माझ्यापासून हातभर लांब. मी इथे आहे गं, असं ओरडावंसं वाटलं.

सर म्हणाले, "मुलं आहेत. समज नसते. मी त्याला माफी मागायला लावतो."

धम्मपालला बोलावलं. तो दारातच उभा राहिला. यल्लव्वा त्याच्याकडे बघून बोलली, "माझ्या हातची भाकरी खाल्लीस आन् माझा देव न्हेलास? मागितला आस्तास तरी दिला नस्ता, पर मागायचा तरी रं!"

"अव्वा, मी न्हाय न्हेला."

"माफी माग आणि विषय संपव," सर म्हणाले.

"न न्हेलेल्या दगडाची माफी कशी मागू, सर?"

त्याची मान खाली गेली नाही. त्यानंतर गावाने त्याला स्टँडवरूनच परत पाठवलं. हातोडा काढून घेतला. ज्या ओढ्यावर त्याचं सगळं काम होतं, तिथेच त्याचं पाऊल बंद झालं. चोर म्हणून. आणि खरा चोर माझ्यावर बूट ठेवून चहा पीत होता. हा राग मी कुठे ठेवू? भेगांत ठेवला. तिथे जागा होती.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेतून फोन आला. शिसं जरा जास्तच वाटतंय, नमुना पुन्हा तपासा. सर म्हणाले, "जुना दगड आहे, शिसं असणारच!" आकडा निघाला होता तीनशे ऐंशी कोटी वर्षं. एवढा मोठा आकडा गळ्यात पडल्यावर कोण तपासतंय? हावेला डोळे नसतात.

मग १९९९ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरात सत्कार. हॉल गच्च भरलेला. मला पांढऱ्या कापडावर ठेवलं, गळ्यात हार. सरांना वाटलं, फोटोत दगड चमकला पाहिजे. म्हणून सकाळीच त्यांनी मला खोबरेल तेल चोपडलं. वा रे शहाणे! तेलातच मुरलेला शेंदूर, त्याला पुन्हा तेल दिलं आणि वर भगभगीत दिव्यांची ऊब. माझ्या भेगा पाझरायला लागल्या. हळूहळू, लाल. घाई कशाला? घाई मला माहीत नाही.

सरांचं भाषण झालं. देशातला सर्वांत जुना खडक, माझ्या वीस वर्षांच्या तपश्चर्येचं फळ, असं बरंच काही. फोटोग्राफर म्हणाला, दगड हातात घ्या. सरांनी मला छातीशी धरून उचललं. आणि मी माझं सगळं देणं त्या पांढऱ्या सफारीवर पुसलं.

मागच्या रांगेतून धम्मपाल उठला. माझे पट्टे त्याने दारातूनच ओळखले होते.

"सर, ह्यो दगुड कुठला?"

"ओढ्यातला. ताजा फोडून काढलेला."

"मग तुमच्या छातीवर शेंदूर कुठनं आला?"

सरांनी खाली पाहिलं. पहिल्या रांगेत प्रयोगशाळेच्या प्राची मॅडम बसल्या होत्या. त्या उठून आल्या, केसांतली पिन काढून माझ्या भेगेत फिरवली, बोटावर आलेला लाल चुरा बघितला, वास घेतला.

"गणपतराव," त्या म्हणाल्या, "मी फोनवर विचारलं होतं तुम्हाला. देवाचा शेंदूर पाठवलात आणि आमच्याकडून खडकाचं वय काढून घेतलंत?"

एवढंच बोलल्या. हार माझ्या गळ्यात राहिला. सरांचा त्यांनी स्वतःच काढून ठेवला.

पण माझं पोट भरलं नव्हतं. मला परत पाठवायचं ठरलं तेव्हा बाळासो जीप घेऊन निघाला, शेजारी सर, मागे धम्मपाल. मेची दुपार. गावाच्या पुढे जीप जात नाही, बांधाबांधाने चालावं लागतं. सभेतली बातमी आधीच पोचली होती; सगळं गाव उभं होतं. बाळासो मला उचलायला वाकला तशी यल्लव्वा कडाडली, "त्येला हात लावू नको! ज्येनं न्हेला त्येनंच आणायचा."

सरांनी मला डोक्यावर घेतलं. मित्रांनो, दगडाला आपलं वजन वाढवता येत नाही, म्हणतात. मी प्रयत्न केला. दर बांधावर त्यांचा पाय घसरत होता, आणि मला नेलं तेव्हाचा साकव वाहून गेलेला, म्हणून ओढ्यात तर बूट भरून पाणी शिरलं. इतक्या वर्षांत सर पहिल्यांदाच त्या ओढ्यात उतरले. पलीकडे येईतो सफारी चिखलाने माखली होती, आणि पोरंसुद्धा हसत नव्हती, नुसती बघत होती. हसली असती तर बरं, असं त्यांना वाटलं असेल. मला नाही वाटलं.

मला जागेवर ठेवलं. सर निघून गेले, कुणी पाणी विचारलं नाही. कोल्हापुरी माणूस वैऱ्यालाही पाणी विचारतो, पण त्या दिवशी नाही.

यल्लव्वाने पदराखालून धम्मपालचा हातोडा काढला आणि त्याच्यापुढे धरला. म्हणाली, "लेकरा, चुकलं माझं."

त्याने हातोडा घेतला. "तुमी मलाच इचारलं न्हाईसा, अव्वा," तो म्हणाला. "त्येच लागलं."

त्या दिवशी तो भाकरी न खाता गेला. मला त्याचा राग पटला. माझा तरी कुठे गेला आहे? पुढच्या पावसाळ्यानंतर तो पुन्हा ओढ्यात उतरला आणि मग हळूहळू ओसरीवरही बसायला लागला. २००३ साली त्याचा स्वतःचा आकडा आला, ताज्या दगडाचा, त्याच्या एकट्याच्या नावावर. दोनशे सत्तर कोटी वर्षं. तो खडक आणि मी एकाच पोटचे, म्हणजे माझंही तेच. तीनशे ऐंशीपेक्षा कमी, पण खरं.

गणपतरावांच्या हातात अजून जुना दगड दिसला की लोक विचारतात म्हणे, "शेंदूर बघितला का?" विचारू देत. मरेपर्यंत विचारू देत.

मित्रांनो, दगड न्यायचा तर आधी त्याच्या माणसाला विचारा. आणि दुसऱ्यावर आळ येत असताना गप्प बसू नका. माणसं विसरतील, साहेब लोक निवृत्त होतील. मी इथेच आहे. करवतीने कापलेल्या कोपऱ्यावर यल्लव्वा दर अवसेला जरा जास्तच शेंदूर लावते, आणि म्हातारपणाने हात थरथरतो तिचा म्हणून हल्ली वाटी धम्मपाल धरतो.