फळी भरेपर्यंत

“पॉप, एकच बूट आहे!”

टिली स्वयंपाकघराच्या मधोमध बगळ्यासारखी एका पायावर उभी होती. आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. शाळेची घंटा नऊला.

“मग एका पायाने जा,” तिचे आजोबा क्लॅरी म्हणाले. “आम्हा चार भावांत मिळून सात बूट होते. ज्याला एक कमी पडायचा, तो धाकट्याच्या डोक्यावर हात टेकून लंगडी घालत शाळेत जायचा.”

“खोटं!”

“खोटं कसं? धाकटा मीच. आधी सहा फूट होतो मी.”

टिलीने पाच फूट दोन इंचांच्या आजोबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सहा वर्षांच्या बुद्धीला ते क्षणभर पटलं.

बूट कुत्र्याच्या अंथरुणात सापडला. डॅरेलची टोपी सापडलीच नाही. टोपी नाही तर मैदान नाही, हा शाळेचा नियम. म्हणजे नऊ वर्षांचा डॅरेल आजही मधल्या सुट्टीत छपराखाली बसून दुसऱ्यांचं क्रिकेट बघणार. अकरा वर्षांची हिलरी काहीच शोधत नव्हती. तिला हवं होतं ते काल चहाच्या डब्याखाली सापडलं होतं. तळ्यावरच्या सहलीचं संमतीपत्र, सही न केलेलं. सहल सोमवारीच जाऊन आली होती.

“मला सांगायचंस,” क्लॅरी म्हणाले.

“सांगितलं होतं, पॉप. दोनदा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच वाईट होतं.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात ऊन असं की सावलीसुद्धा सावली शोधत फिरते, आणि धूळ अशी की गृहिणी आधी टेबल पुसतात आणि मग टेबल आहे की नाही ते बघतात. अशा गावात तीन पोरांना वेळेवर शाळेत धाडणं म्हणजे शेळ्या हाकण्यापेक्षा अवघड, आणि ते काम सत्तरी ओलांडलेल्या क्लॅरी पेंगेलींच्या गळ्यात पडलेलं. त्यांची मुलगी लॉरेल पहाटे साडेपाचला इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जायची आणि चादरींच्या वाफेत दिवसभर शिजून पाचला परतायची. तिचा नवरा कधीच ॲडलेडला निघून गेला होता. जाताना इस्त्री तेवढी घेऊन गेला. का, ते कोणालाच कळलं नाही.

त्या संध्याकाळी लॉरेलने चपलाही न काढता खुर्चीत अंग टाकलं.

“बाबा, शाळेतून तिसऱ्यांदा चिठ्ठी आलीये.”

“टोपी ना? टोपी कुत्र्यानं...”

“टोपीचं नाही. गेल्या गुरुवारचं. थोरली दोघं पोहायला गेलेली. टिली पाच वाजेपर्यंत शाळेच्या पायरीवर एकटी बसून होती. तुम्ही तिला आणायचं सोडून घरी कोंबड्यांशी बोलत होतात.”

गेल्या वर्षभरात डोक्यातले काही खिळे सैल झालेत, हे क्लॅरींना ठाऊक होतं. फक्त कुठले, ते आठवत नव्हतं.

“मी भांडत नाहीये,” लॉरेल म्हणाली. “भांडायलासुद्धा त्राण लागतं. सत्र संपेपर्यंत बघते. पुन्हा असं झालं तर पोरांना दुपारी शेजारच्या ग्लेनिसकडे ठेवीन. आणि तुमच्यासाठी दुसरी सोय बघावी लागेल.”

दुसरी सोय म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. गाव लहान होतं. टेकडीपलीकडचा वृद्धाश्रम घराच्या मागच्या पायरीवरून दिसायचा.

क्लॅरींना खाणं कमी चालत होतं, दात नसले तरी चालत होतं. पण सकाळी आठला कोणीतरी “पॉप!” म्हणून ओरडणार नाही, हे चालणार नव्हतं.

शनिवारी त्यांनी परसातल्या जुन्या संडासाचं दार बिजागऱ्यांसकट उपटलं.

“पोरांचे डबे संडासाच्या दारावर?” लॉरेलने कपाळाला हात लावला.

“दारावर कधी कोणी बसलेलं नाही, लॉरेल. बसतात ते आत.”

दाराला रंधा मारून, ते धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून त्यांनी मागच्या दाराशेजारच्या भिंतीवर आडवं ठोकलं. दप्तरं लटकवायला रेल्वेच्या रुळांचे मोठाले खिळे वाकवून लावले. एकेक खिळा असा की घोडा टांगला तरी हलू नये. वर टोप्यांना तीन खुंट्या. खाली फळांच्या तीन पेट्या उभ्या केल्या. तळाशी बूट, वरच्या फळीवर डबा. संत्र्यांची पेटी टिलीची, कारण तिला तो वास आवडायचा. कुंपणाचा हिरवा रंग उरला होता, त्याने वारांची नावं लिहिली. मंगळवारी वाचनालयाची पिशवी, गुरुवारी पोहण्याचे कपडे. शेवटी लॉरेलच्या लग्नात आलेलं टोस्ट उभे ठेवायचं तारेचं स्टँड दाराच्या टोकाला खिळवलं आणि त्याखाली लिहिलं, ‘सही हवी’. त्याला दोरीने पेन बांधलं.

“आता ज्या कागदाला सही लागेल तो इथे उभा राहील,” त्यांनी हिलरीला सांगितलं. “आडवा पडलेला कागद मेलेला असतो.”

मग त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा एक डबा काढला. उघडला तर आत पितळी बिल्ले. प्रत्येकाला भोक, प्रत्येकावर आकडा.

एकतीस वर्षं क्लॅरींनी खाणीच्या तोंडाशी लाकडी कोठडीत बसून बिल्ल्यांची फळी सांभाळली होती. खाली उतरणाऱ्या माणसाने आपल्या खिळ्यावरचा बिल्ला घेऊन जायचा, वर आला की परत लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस खाली. पाळी संपल्यावर सुरुंग उडवायचे, पण फळीवरचे सगळे बिल्ले परत आल्याशिवाय वात पेटवायची नाही. एकतीस वर्षांत क्लॅरींच्या फळीवरचा एकही माणूस धुरात सापडला नव्हता.

“आणि एखादा बिल्ला लावायला विसरला तर?” डॅरेलने विचारलं.

“शॉर्टी विसरला होता एकदा. सहा फूट चार इंच उंच, म्हणून नाव शॉर्टी. बिल्ला खिशात घालून सरळ दारूच्या गुत्त्यात. इकडे चाळीस माणसं बोगद्याबोगद्यात त्याच्या नावाने ओरडतायत. पाद्रीबाबा आले. त्याच्या बायकोने शोकाची काळी टोपी धुवायला काढली. तीन तासांनी सापडला, तर तिसऱ्या ग्लासाशी बसून कुरकुरत होता, ‘आज सुरुंगाचा आवाज कसा नाही आला? लोक आळशी झालेत.’”

पोरं हसून लोळली. क्लॅरींनी बोट वर केलं.

“नियम दोनच. बाहेर जाताना बिल्ला दप्तराला अडकवायचा, घरी आल्यावर आधी खिळ्यावर लावायचा, मग खाऊ मागायचा. आणि ज्याचा बिल्ला त्यानेच लावायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. आईच्या नाही, देवाच्याही नाही.”

बिल्ल्यांसाठी दारावर पाच छोटे खिळे मारले होते. पोरांचे तीन, लॉरेलचा एक, आणि पाचव्यावर क्लॅरींनी स्वतःचा लावला. आकडा चारशे सतरा.

त्यानंतर सात आठवडे त्या घरात चमत्कार चालू होता. बूट जोडीने सापडत. डॅरेलने एका मधल्या सुट्टीत एकोणीस धावा काढल्या, ज्या जेवणापर्यंत एकतीस झाल्या. आजोबांवर गेला होता पोरगा. दुपारी साडेतीनला क्लॅरी फळीसमोर उभे राहत आणि रिकामे खिळे मोजत. त्यांना वार आठवायची गरज नव्हती, वेळ आठवायची नव्हती. सैल झालेले सगळे खिळे त्यांनी भिंतीवर ठोकले होते. हे पोरांसाठी नाही, हे लॉरेलला कळलं होतं. कामावरून आल्यावर ती आपला बिल्ला लावायची आणि क्षणभर तिथेच कपाळ टेकून उभी राहायची.

सत्राचा शेवटून दुसरा आठवडा, गुरुवार. अडीचला पश्चिमेकडून लाल धुळीची भिंत उठली. वादळ असं की कोंबड्यांना रात्र वाटून त्या दांडीवर चढल्या. क्लॅरी परसात खुराड्याचं छप्पर बांधत होते. तेवढ्यात शेजारची ग्लेनिस आपल्या मुलाला आणायला शाळेत गेली आणि टिलीलाही गाडीत घालून घेऊन आली. पुढच्या दारातून तिला आत ढकलत तिने क्लॅरींना हाक मारली. ती हाक वाऱ्याने नेली. टिली वादळाला घाबरून दप्तरासकट कुत्र्याला घेऊन पलंगाखाली शिरली.

क्लॅरी मागच्या दाराने आत आले. फळीकडे पाहिलं. थोरली दोघं पोहायला गेलेली, त्यांचे खिळे रिकामे असणारच. पण टिलीचाही रिकामा होता. घड्याळात पावणेचार.

त्यांनी टोपी घेतली, आपला बिल्ला घेतला आणि निघाले. बाहेर हात लांब केला तर बोटं कोणाची ते कळत नव्हतं. डोळे निकामी, तेव्हा रस्ता पायांनीच शोधायचा होता. आणि त्या पायांना एकतीस वर्षांच्या नोकरीत एकच रस्ता पाठ झाला होता. कोपऱ्यावर शाळा डावीकडे होती. पाय उजवीकडे वळले.

खाणीच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या खोलीत शॉर्टी बसला होता. दार धाडकन उघडलं आणि लाल मातीचा एक म्हातारा आत आला.

“शॉर्टी, सुरुंग थांबव! माझ्या फळीवर एक खिळा रिकामा आहे.”

शॉर्टी हळूच उभा राहिला. “कोण राहिलंय खाली, क्लॅरी?”

“टिली. सहा वर्षांची आहे रे! तिला अंधाराची भीती वाटते. कोणी पाठवलं तिला खाली?”

शॉर्टी हसला नाही. त्याने फोन उचलला आणि नंबर न फिरवताच त्यात बोलला, “सगळ्यांनी ऐका. क्लॅरी पेंगेलीची फळी भरलेली नाही. कोणीही वात पेटवायची नाही.” फोन खाली ठेवला. क्लॅरींना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पुन्हा उचलला आणि या वेळी इस्पितळाच्या धुलाईघराचा नंबर फिरवला.

अर्ध्या तासाने वादळ ओसरलं तेव्हा लॉरेलची गाडी आली. आधी घरी जाऊन आली होती. टिली उतरली. दप्तराला बिल्ला लटकत होता.

“पॉप, मी घरीच होते. बिल्ला लावायचा राहिला.”

क्लॅरींनी तिच्याकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं. मग खिडकीतून फाटकाकडे. साखळीला गंज चढला होता, आतल्या रुळांवर गवत माजलं होतं.

“शॉर्टी,” ते म्हणाले, “ही बंद कधी झाली?”

“सहा वर्षं झाली, क्लॅरी. शेवटचं कुलूप आपण दोघांनीच लावलं.”

“हो,” क्लॅरी म्हणाले. “तू किल्ली आत ठेवून लावलंस.”

“तूच ठेवलीस, थापाड्या.”

लॉरेल हसली आणि तोंड फिरवून बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, बिल्ला लावला, आणि टोस्टच्या स्टँडकडे तिची नजर गेली. तिथे एक कागद उभा होता. वृद्धाश्रमाचा अर्ज. चार महिने तो तिने आपल्या कपड्यांखाली लपवून ठेवला होता. क्लॅरींची सही झालेली होती. तिच्या सहीची जागा कोरी होती.

“हा कुठे मिळाला तुम्हाला?”

“आडवा पडला होता. उभा केला.”

“बाबा, चूक टिलीची होती...”

“बिल्ला विसरणं ही खालच्या माणसाची चूक. ती होतेच, तिच्यासाठी तर फळी असते. फळी बघून भलत्याच दाराशी जाणं ही माझी. फळीवाल्याची एक चूक झाली की कोठडीची किल्ली परत द्यायची. नियम माझाच आहे.” त्यांनी पेन पुढे केलं. दोरी आखूड होती, म्हणून लॉरेलला भिंतीशी उभं राहूनच सही करावी लागली.

जाताना त्यांनी कपड्यांची एक पेटी, एक टोपी आणि चारशे सतरा नंबर घेतला. बाहेर जाताना बिल्ला न्यायचा, हेही नियमाप्रमाणेच.

वृद्धाश्रमात रविवारी भेटायला जाता येतं. क्लॅरी व्हरांड्यात बसलेले असतात. तिथल्या लोकांना त्यांनी पटवून दिलंय की ते पूर्वी सहा फूट होते. कधी ते हिलरीला लॉरेल म्हणतात. हिलरी दुरुस्त करत नाही.

मार्चमधल्या एका रविवारी टिली त्यांच्या मांडीशी टेकून उभी होती.

“फळी भरते का गं रोज?” त्यांनी विचारलं.

“नाही. एक खिळा रिकामा असतो.”

“मग?”

“मग कडी लावायची नाही.”

“दोन महिने झाले,” लॉरेल कंटाळलेल्या आवाजात म्हणाली, “मागच्या दाराला कडी लावू देत नाही ही पोरगी. सगळी धूळ घरात. परवा ग्लेनिसची कोंबडी स्वयंपाकघरात अंडं घालून गेली.”

क्लॅरींनी खिशातून बिल्ला काढून तळहातावर धरला आणि हात टिलीपुढे केला.

“घे. लाव जाऊन.”

टिलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

“ज्याचा बिल्ला त्यानेच लावायचा, पॉप.”

आत चहाची घंटा वाजली. क्लॅरींनी नातीकडे पाहिलं, मान डोलावली, बिल्ला पुन्हा खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.