भट्टीपुढची खुर्ची

"उघडायची नाय म्हंजे नाय! आज शनवार हाय."

रेचलआजीने भट्टीच्या दारापुढे खुर्ची ओढली आणि शब्बाथची, ज्यूंच्या शनिवारच्या विसाव्याची, पांढरीशुभ्र साडी सावरत ठाण मांडलं.

पेणच्या रंगाई कारखान्याचे हरेशशेठ रविवारी यायचे, ते शनिवारीच दुपारी रोह्यात थडकले होते. सोबत निळ्याकाळ्या सांडपाण्याचा कॅन. आजीची नात नाओमी ते पाणी गाळायला चिनीमातीत पोलादाची भुकटी मळून नळ्या करत होती. आधीच्या साऱ्या खेपा तडकल्या. काल भाजलेली ही शेवटची. हीही फुटली, तर नाओमी भावामागोमाग इस्रायलला जाणार. मागे आजी एकटी.

"आजी गो, ते थांबायचे नाहीत."

"घर पेटलंय का त्यांचं? ह्याच जागी आपला तेलाचा घाणा व्हता. शनवारी बंद, म्हणून गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचं. बैलाला कळायचं, शेठला कळत नाय?"

शेठना हसू फुटलं. आजीने शुक्रवारीच रांधलेला कालवण-भात पुढे केला.

"गरम मागू नका. चूल पेटायची नाय."

दोनदा मागून घेऊन शेठ बाजेवर घोरू लागले.

आभाळात तारे दिसले, शब्बाथ सरला, तशी आजी उठली. तिने स्वतःच खुर्ची बाजूला ओढली.

नाओमीने नळी काढून टिचकी मारली. खणखणीत! पंप सुरू झाला. शाईसारखं पाणी आत शिरलं आणि नळीच्या अंगातून पाझरून नितळ धार पातेल्यात पडू लागली.

"बघ! माझ्या शनवारानं भट्टी सावकाश निवली, म्हणून नळी तडकली नाय."

"भट्टी सकाळीच निवलेली, आजी. या खेपेला मी मातीच बदलली."

"बरं गो, शहाणे!"

"पहिली ऑर्डर माझी," शेठ डोळे चोळत म्हणाले.

आजीचा अजून विश्वास नव्हता. तिने पदराचं टोक पातेल्यात बुडवलं, चष्मा चढवून दिव्याखाली धरलं. पांढरंच.

"नाओमी, पोहे भिजव. एलियाहू हन्नबीला गोड पोह्यांचा मलिदा बोललेय मी."

"नवस? कधी बोललीस?"

"तुला कशाला सांगू?"

"ह्याच पाण्यात भिजवू?"

"मेले, विहिरीच्या! हे शेठला दे, पुन्हा रंगवायला."

ओला पदर न पिळताच खांद्यावर टाकून आजी आत गेली आणि चूल पेटली.